गाय चांगली हाय

मी जनावरांचा डॉक्टर नव्हतो, स्टॉकमन होतो, म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. हा फरक मी जांभळेवाडीच्या लोकांना दोन वर्षं समजावून सांगितला आणि दोन वर्षं त्यांनी मान डोलावून मला डाक्टरच म्हटलं. शेवटी मीच थकलो. पुढे नोकरीत अकरा गावं झाली, निवृत्त होऊनही जमाना झाला, पण जुनी माणसं आठवायला बसलं की बाकीच्यांना कोपराने बाजूला सारून झुंबरबाईच आधी समोर येते. बाई होतीच तशी.

एकोणीसशे सत्तरच्या पावसाळ्यात मी भिंगारच्या घरातून ट्रंक आणि वळकटी घेऊन संगमनेर तालुक्यातल्या या गावात उतरलो. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि सरकारने माझ्या हाती जे काम दिलं होतं त्याचं नाव आईसमोर घ्यायची सोय नव्हती. कृत्रिम रेतन केंद्र. संगमनेरहून एसटीने बर्फ घातलेल्या थर्मासातून जातिवंत वळूचं बीज यायचं आणि गावातल्या माजावर आलेल्या गाईंना मी ते भरायचं. आई शेजारणींना सांगायची, "आमचा राधाकृष्ण दुधाच्या खात्यात लागलाय." पहिल्याच दिवशी सरपंच आबासाहेबांनी माझ्याकडचा थर्मास बघून रिकामी कपबशी पुढे केली. आत काय आहे ते सांगितल्यावर त्यांनी कपबशी मागे घेतली आणि त्यानंतर वर्षभर माझ्याकडे चहा घेतला नाही.

दोन महिने एकही गाय माझ्या दारी आली नाही. कारण गावाला स्वतःचा वळू होता. सरदार त्याचं नाव. देवाला सोडलेला वळू. त्याला कुणी बांधत नाही, मारत नाही. तो कुणाच्या हरभऱ्यात शिरला तरी मालक हात जोडून "पुढं व्हा देवा" एवढंच म्हणायचा, आणि देव हरभरा संपवूनच पुढे व्हायचे. दिसायला असा देखणा की मीसुद्धा सायकल थांबवून बघत राहायचो. पांढराशुभ्र, मानेवर भलंमोठं वशिंड, तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला आलेला.

त्याला सोडलं होतं सहादेव पैलवानाने. पैलवान म्हणजे झुंबरबाईचा नवरा. मूल व्हावं म्हणून त्याने खंडोबाला वळू बोलला होता. लोक काम झालं की नवस फेडतात; पैलवानाने आधीच फेडून टाकला, म्हणजे देवाला मागे फिरायला वाट नको. सरदार सुटून चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत पैलवानाला मूल झालं नाही हे सगळं गाव बोलत होतं. सरदाराकडे नेलेली एकही गाय गाभण राहिली नाही, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. ज्यांच्या घरी वयात आलेले गोऱ्हे होते त्यांच्या गाई व्यायच्या. सरदाराकडे नेलेल्या दर महिन्याला पुन्हा माजावर यायच्या, आणि गाव अशा गाईंना भाकड ठरवून बाजारात विकून मोकळं व्हायचं. एकोणीस धडधाकट गाई अशा गेल्या. वळू देवाचा, तेव्हा खोट गाईतच असणार, यावर गावात दुमत नव्हतं.

श्रावण सरता सरता एक दिवस एक उंच, सावळी बाई दावं ओढत माझ्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभी राहिली. मागे एक मठ्ठ तोंडाची तांबूस गाय.

"हिचं नाव कपिली," बाई म्हणाली. "माझं झुंबर. दोघी बी भाकड. मला ऱ्हाऊ द्या, हिचं बघा."

बाईच पुढे बोलली. "मालकांनी हिला बाजार दाखवायचं ठरवलंय. भाकड म्हनून घराबाहीर काढायची पद्धत एकदा पडली म्हंजी पुढची पाळी कुनाची, ते तुमीच सांगा. म्हनून म्हनलं, हिला तरी वाचवू." मग थर्मासकडे बघून म्हणाली, "ह्यात वळू मावतो?"

कपिलीला बीज भरलं तेव्हा शेडच्या भिंतीवर निम्म्या गावाच्या बाया चढून बसल्या होत्या. एकीने विचारलं, वासरू चपटं होईल का. दुसरीने विचारलं, थंड पडेल का. माझे कान लाल झाले होते आणि झुंबरबाई गाईचं शिंग धरून सगळ्यांना उत्तरं देत होती. मला वाटतं, त्या दिवशी ती माझी वकील नसती तर मी संध्याकाळच्या गाडीने भिंगार गाठलं असतं.

तिच्या घरची हकिगत मला हळूहळू कळली. लग्नाला चौदा वर्षं झालेली. आईबाप लवकर गेले, तेव्हा पाच वर्षांची धाकटी बहीण चांगुणा तिने बरोबर आणली आणि पोटच्या पोरीसारखी वाढवली. चांगुणा आता अठराची झाली होती. सासू राहीबाई हिच्या डोक्यात एक बेत तयार होता, आणि तो बेत दुष्टपणाचा आहे असं तिला खरोखर वाटत नव्हतं. येत्या आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पैलवानाचं दुसरं लग्न करायचं, चांगुणाशी. "बाहीरची आनली तर हिला छळंल," राहीबाई मलाच समजावून सांगायची. "सख्खी भन हाय. गुन्यागोविंदानं ऱ्हातील." पहिली बायको असताना दुसरी करायला बंदी घालणारा कायदा तोवर होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण तो जांभळेवाडीपर्यंत यायला अजून एसटी मिळाली नव्हती.

आणि झुंबरबाई या बेताला हो म्हणून बसली होती. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. एका गाईसाठी भांडणारी बाई आपल्या बहिणीसाठी का भांडत नाही, हे काही मला कळेना.

मध्यंतरी आणखी एक भानगड झाली. गाई का फळत नाहीत, याचा अहवाल मी संगमनेरच्या आमच्या साहेबांना पाठवला. साहेब उत्साही. ते जीपमधून लाकडी खोडा घेऊन आले, खोड्यात एक गाय उभी केली आणि सरदाराचं बीज एका नळीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. हा प्रकार साऱ्या गावाने पाहिला. पैलवान तर अगदी पुढे, हाताची घडी घालून उभा होता. साहेबांनी डोळा लावला, मला लावायला सांगितला. स्वच्छ पाणी. एकही जीव वळवळत नव्हता.

"वळू वांझ आहे," साहेब म्हणाले.

आबासाहेबांनी जाणत्या माणसाने पोराला समजवावं तसं सांगितलं, "साहेब, त्यो देवाचा वळू हाय. देवाचं बीज भिंगातनं दिसत न्हाई."

लोकांना ते पटलं. पैलवान माझ्याशी बोलायचा बंद झाला. रस्त्यात दिसलो की मांडी थोपटायचा आणि निघून जायचा. मांडी थोपटण्यासारखी होती, ते कबूल केलं पाहिजे. पस्तिशीतसुद्धा तो रोज पाचशे जोर काढायचा, आणि पारनेरपासून अकोल्यापर्यंतच्या जत्रांत त्याने कुस्त्या मारलेल्या होत्या.

मार्गशीर्षात मी कपिलीला तपासायला पैलवानाच्या गोठ्यात गेलो. पैलवान अंगणात बैठका मारत होता, माझ्याकडे पाठ करून. मी साबण लावून कोपरापर्यंत हात आत घातला आणि माझा चेहरा उजळला. कपिली तीन महिन्यांची गाभण होती.

झुंबरबाई ओरडेल, नाचेल असं मला वाटलं होतं. तिने कपिलीच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने विचारलं, "म्हंजी हिच्यात खोट नव्हतीच?"

"नव्हती."

"चार साल सरदाराकडं नेली. पाचव्या साली तुमच्या थर्मासानं काम केलं. म्हंजी खोट वळूत हुती."

"तेच तर आम्ही सांगत होतो."

तिने अंगणाकडे पाहिलं. बैठकांचा हुंकार एका लयीत चालू होता. तिने आवाज अगदी खाली आणला. चौदा वर्षांत तो कधी इतका खाली आला नसेल.

"मग डाक्टर, घरात दुसरी गाय आनून बांधली, तर काय व्हनार?"

माझ्या हातातला साबण शेणात पडला. मी शिकलेला माणूस. भिंगातून स्वतः पाहिलेला माणूस. पण वळूवरून पैलवानाकडे माझी नजर एकदाही गेली नव्हती. गावाला हसत होतो, आणि मीही गावातलाच निघालो. मला अजून त्याची लाज वाटते.

मी म्हणालो, नगरला एक लेडी डॉक्टर आहेत, पुष्पावतीबाई. आमच्या आईच्या ओळखीच्या. चिठ्ठी देतो, आधी तुम्ही तपासून घ्या. मला वाटलं, ती लगेच पदर खोचेल. ती म्हणाली, "न्हाई."

मग गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून तिने मला आपले सगळे उपाय सांगितले. सांगताना ती स्वतःच हसत होती. एका देवऋष्याने वांगं सोडायला लावलं. वर्षभराने दुसऱ्याने कारलं. मग दोडका, भोपळा, गवार. "आता शेतात पिकतंय त्यातली एक बी भाजी मला चालत न्हाई. एकानं तर मीठ सोडायला लावलं. मूल न्हाई झालं, पर आत्याबाईंचं मीठ लई वाचलं." सासूला ती आत्याबाई म्हणायची. पिंपळाला घातलेल्या फेऱ्यांची तिने बेरीज केली, तर त्या फेऱ्यांत नगर येऊन गेलं असतं. कुणी काय प्यायला दिलं, कुणी काय गळ्यात बांधलं. एक ताईत तर इतका जड की मान वर करून बोलता येईना. "तेवढे दिवस घरात शांतता हुती," ती म्हणाली.

"इतकं सगळं केलंत," मी चिडून म्हणालो, "मग डॉक्टरकडे एकदा जायला काय हरकत आहे?"

ती हसायची थांबली. "देवाकडनं परत येताना काय म्हनायचं, ठावं हाय? 'पुढच्या साली.' देव कधी न्हाई म्हनत न्हाई. तुमचा डाक्टर एकदा न्हाई म्हनला, का संपलं. मग मी कशाच्या जिवावर उठायचं सकाळी?"

चिठ्ठी मात्र मी लिहून ठेवली आणि शेडच्या आढ्याला खोचली.

ती चिठ्ठी महिनाभर तिथेच होती. मग संक्रांत झाली, आणि राहीबाईने आखितीचा मुहूर्त पक्का करून चांगुणासाठी हिरवं लुगडंही आणलं. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई शेडमध्ये आली आणि हात वर करून आढ्यातली चिठ्ठी तिने स्वतःच काढली. डोळे सुजलेले होते.

"चांगुणाला इचारलं मी," ती म्हणाली. "तुझ्या मनात काय हाय? तर म्हनली, आक्का, तू म्हनशील तसं. तिनं न्हाई म्हनलं असतं, तर मी सुटले असते. रडली असती, तर बी सुटले असते. म्हनली, तू म्हनशील तसं!" आणि मग माझ्यावरच ओरडली, "ती बी असल्या भाज्या सोडीत बसंल का? माझ्याच घरात? माझ्याच डोळ्यांदेखत? किती वाजता हाय नगरची गाडी?"

घरी तिने नवसाला जाते असं सांगितलं आणि चांगुणाला बरोबर घेऊन दोन खेपा केल्या. पुष्पावतीबाईंनी जे काय तपासायचं ते तपासलं. परत आल्यावर मी काही विचारायच्या आतच ती शेडच्या दारातून म्हणाली, "कपिलीसारखंच. खोट न्हाई." तिचा चेहरा आनंदाचा म्हणावा तर नव्हता. चौदा वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला कुणी सांगावं की तुला पथ्य नव्हतंच, तसा काहीसा. बाईंनी नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं होतं.

पैलवानाला हे तिने कसं सांगितलं, ते मला तिच्याच तोंडून कळलं. जेवायला वाढताना तिने सरळ सांगून टाकलं. पैलवान ताटावरून उठला. "मी पैलवान हाय," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "सरदार बी पैलवानच हाय." यावर त्याने तांब्या फेकला, पण तिच्या अंगावर नाही, भिंतीवर. मग ती म्हणाली, "करा चांगुणाशी लगीन. माझी ना न्हाई. चार सालांनी तिला बी भाकड म्हना. पर तवा तिसरी कोन आननार? मला एकच भन हाय."

ओढ्याकाठी सरदार चरत असायचा, तिथे जाऊन पैलवान दोन दिवस त्याच्या शेजारी बसून राहिला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो माझ्या शेडमध्ये आला. दार अंगानेच भरलं. मला वाटलं, आता मार बसतो. तो बराच वेळ थर्मासच्या झाकणाशी खेळत उभा राहिला.

"त्यो खोडा," शेवटी तो म्हणाला.

"कसला खोडा?"

"सरदाराला तपासला तवा लाकडाचा खोडा आनला हुता, त्यात गाय हुबी केली हुती. नगरला बी... तसंच असतं काय?"

आयुष्यात इतक्या कष्टाने हसू मी कधी दाबलं नसेल. मी त्याला शपथेवर सांगितलं की खोडा नसतो, गाय नसते, गावही बघायला नसतं. एक बंद खोली असते आणि एक बाटली असते. पैलवानाने सुटकेचा असा श्वास सोडला की माझ्या टेबलावरचे कागद हलले. "मग तुमी बरुबर चला," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलत होता, आणि तेही तुमी म्हणून.

आम्ही दोघे गेलो. पुष्पावतीबाईंनी अहवाल वाचला आणि विचारलं, तरुणपणी गालगुंड झालं होतं का. झालं होतं. सोळाव्या वर्षी, तालमीत. आठ दिवस पडून होता, गालच नव्हे, बाकीही सुजलं होतं. वस्तादाने हळद लावली आणि नवव्या दिवशी मातीत उतरवला. बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यातच सगळं गेलं, यावर औषध नाही. मग थोडं थांबून म्हणाल्या, पुण्याला एक डॉक्टर आहेत. दुसऱ्या निरोगी माणसाचं बीज पिचकारीने बाईच्या पिशवीत सोडतात. नाव कुणाला कळत नाही. पण नवरा-बायको दोघांची राजीखुशी लागते, आणि लागू पडेलच अशी हमी नसते. पैलवानाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. माझा धंदा त्या खोलीत येऊन बसला होता.

परतताना गावाच्या फाट्यावर उतरल्यावर पैलवान म्हणाला, "तुमी सांगा तिला." मी म्हणालो, "मी नाही सांगणार." तो घराकडे चालायला लागला.

झुंबरबाई चुलीपुढे होती. पैलवान दारात उभा राहिला. आत येईना. चौकटीला धरून तो म्हणाला, "गाय चांगली हाय." बस, एवढंच. ती सांगायची, "मी आधी हासले, मग रडले, मग भाकरी करपली."

आखितीचं लग्न पैलवानाने स्वतःच मोडलं. आईला कारण काही सांगितलं नाही, "मला न्हाई करायचं" एवढ्यावरच भागवलं. राहीबाईने अर्थातच सगळं खापर सुनेवर फोडलं; वांझ ती वांझ आणि वर नवऱ्याला ताब्यात ठेवते, असं ती वेशीपर्यंत सांगत सुटली. झुंबरबाईने तिला एकदाही खरं सांगितलं नाही. इतर वेळी तोंडात तीळ न भिजणारी बाई! मी तिला विचारलं, का सांगत नाही. म्हणाली, "मला चौदा सालांची सवय हाय. त्यांना एक दिवस बी झेपायचं न्हाई." पुण्याचं विचारलं, तर हात झटकले. "कशापायी? चांगुणा वाचली. झालं की काम."

हिरवं लुगडं घरात होतंच, मुहूर्तही होता. त्याच आखितीला चांगुणाचं लग्न पारनेरकडच्या एका शाळामास्तराशी ठरलं. मांडव पैलवानाच्याच दारात.

हळदीच्या सकाळी मी मांडवात होतो. चांगुणा पाटावर बसली. पाच लेकुरवाळ्या सवाष्णींनी नवरीला पहिली हळद लावायची, हा रिवाज. राहीबाई एकेकीचं नाव घेऊन हाक मारत होती. कडूबाई आली, साळूबाई आली. झुंबरबाई मात्र मांडवाच्या कडेला, पाण्याच्या रांजणाजवळ उभी होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं तिथे उभं राहायला. गावभर पुढे असणारी ही बाई अशा प्रसंगी आपणहून मागे सरायची, हे मी त्याच दिवशी पाहिलं. जिला पाच वर्षांची असल्यापासून न्हाऊ-माखू घातलं, तिच्या हळदीला.

चांगुणा मान वळवून रांजणाकडे बघत होती. राहीबाईने तिची हनुवटी धरून समोर केली. तेवढ्यात पैलवान पाटाजवळ येऊन उभा राहिला.

"झुंबर," त्याने हाक मारली. नवऱ्याने चारचौघांत बायकोला नावाने हाक मारली तशा बायांच्या माना वळल्या. "फुडं ये. पयली हळद तुझी."

"आरं, तिला पोर न्हाई," राहीबाई म्हणाली.

"पोर मला न्हाई." पैलवानाचा आवाज आखाड्यातला होता, वेशीपर्यंत जाणारा. "नगरच्या डाक्टरनं तपासलंय. खोट माझ्यात हाय. तिच्यात कंदीच नव्हती. वांझ मी हाय, आता बोला!"

वाजंत्रीवाल्याने सनई तोंडातून काढली. आबासाहेबांनी भिंगाबद्दल काही म्हणायला तोंड उघडलं आणि शहाण्यासारखं मिटलं. राहीबाई मटकन खाली बसली. त्या माणसाने कितीतरी कुस्त्या मारल्या असतील, पण त्याला चीतपट होताना मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा तो मला सगळ्यांत मोठा पैलवान वाटला.

झुंबरबाई रांजणापासून पाटापर्यंत आली. वाटी उचलली. पहिलीच हळद चांगुणाच्या गालाऐवजी कानात गेली. आणि मग नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "येवढ्या मोठ्यानं कशाला वरडायचं? आमी काय बहिऱ्या हाय?" मांडव हसला. चांगुणा तिच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. मीही डोळे पुसले, धुराचं निमित्त होतंच.

त्यानंतर पंधरा-एक दिवसांनी, मे महिन्यात, फाट्यावर थर्मास घ्यायला उभा होतो, तर दोघं नवराबायको पिशवी घेऊन उभी. मी विचारलं, कुठे?

"पुन्याला," झुंबरबाई म्हणाली.

"तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

ती थोडी लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "तवर पोर पायजे हुतं ते हळद लावायला. आत्याबाईंसाठी, गावासाठी, सवत टळावी म्हनून. आता हळद लावून झाली. मग म्हनलं, मला सोताला काय पायजे, ते बघू. तर मला पायजे हाय." मग पैलवानाकडे हनुवटी करून, "ह्यांना इचारा."

पैलवान रस्त्याकडे बघत म्हणाला, "कपिलीच्या पोटातल्याचा बाप कुनी इचारला का गावात? समदे कपिलीचंच वासरू म्हनत्यात." आणि माझ्या हातातल्या थर्मासकडे बघून त्याने मिशीत हसल्यासारखं केलं. गाडी आली, दोघं चढली, आणि खिडकीची जागा कुणाची यावरून आतमध्ये भांडण सुरू झाल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

इथवर सांगितलं की ऐकणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो. मग झालं का मूल? मी सांगत नाही. त्या बाईला चौदा वर्षं भेटेल त्याने तेवढंच विचारलं, आणि त्यापायी ती स्वतःच्या बहिणीच्या हळदीला रांजणाजवळ उभी राहिली. आता मी सांगून पुन्हा तिला त्याच तराजूत घालू का? रागावलात तर रागवा.

कपिलीचं विचारा. ते माझ्या कामात बसतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला कालवड झाली, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा, चपटी नाही आणि थंडही नाही. झुंबरबाईने पहिला खरवस शेडवर आणून दिला. त्यात भोपळा किसून घातला होता. कशाला घातला म्हणून मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाली, "सोडला हुता ना नऊ सालं. खावा गुमान."